दक्षरावांचं नाव घेते

शलाका खैरनारला ‘दक्ष’ने शंभरात एक्क्याऐंशी गुण दिले, तेव्हा क्षणभर तिला बरंच वाटलं. शाळेपासूनची सवय, गुण जास्त ते चांगले. मग कापडणीस मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवला आणि तिच्या लक्षात आलं, की हे गुण धोक्याचे आहेत.

“साठच्या वर गेलं की मला बोलवावंच लागतं,” मॅडम म्हणाल्या. त्या कंपनीच्या दक्षता अधिकारी. आवाज चढवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, त्यामुळे त्यांची जास्तच धास्ती वाटायची. “तुमच्या मेलमध्ये ‘बेशुद्ध’ आहे, ‘श्वास’ आहे, ‘डोळे फिरवले’ आहे. एका ठिकाणी ‘मी येईपर्यंत तोंडात काही घालू नका’.”

“त्या पाळणाघराच्या मेल आहेत, मॅडम. माझी मुलगी अडीच वर्षांची आहे. ताप चढला की तिला आकडी येते. काय करायचं, काय नाही, ते मी रोहिणीताईंना लिहीत असते.”

“मला कळतं हो. मीही दोन वाढवलीत. पण दक्षच्या मते तुमच्यावर ताण आहे. आणि ताणाखालच्या माणसाला लोकांची खासगी कागदपत्रं घरी बसून हाताळू द्यायची का, असा प्रश्न वर विचारला जातो. असंच चालू राहिलं तर घरून काम बंद करावं लागेल.”

शलाका “हो मॅडम” म्हणाली आणि उठली. बाहेर येताच तिने मनगटावरचं घड्याळ पाहिलं. पाळणाघराकडून काही नव्हतं. तरी तिने पुन्हा पाहिलं.

नाशिकच्या अंबड भागातल्या त्या विमा कंपनीत शलाकाचं काम यंत्राला मराठी शिकवण्याचं. ‘म्हैस विहिरीत पडून दगावली’ या वाक्यात तक्रार कुठे आणि दुःख कुठे, हे ती यंत्राला समजावून सांगे. आठवड्यातले तीन दिवस घरून, दोन दिवस ऑफिसातून. त्या तीन दिवसांवर तिचा सगळा संसार टेकलेला होता. नवरा सुजय चाकणला, शनिवार-रविवार यायचा. सासूबाई घरी होत्या, पण गुडघ्यांमुळे नातीला, गोजीला उचलून धावणं त्यांना जमण्यासारखं नव्हतं.

दक्ष बाहेरून विकत घेतलेला होता. अंबडमधल्या निम्म्या कंपन्या, शाळा, पाळणाघरं, वृद्धाश्रम, सगळ्यांची मेल त्याच्या नजरेखालून जायची. ‘वाचणारा कोणी माणूस नाही, त्यामुळे तुमच्या खासगीपणाला धक्का नाही,’ असं करारात लिहिलं होतं. लोकांनी सही केली होती. शलाकानेही केली होती, आणि तीही मनापासून. कारण दक्षची एक बाजू तिच्या फार उपयोगाची होती. पाळणाघरात मुलांच्या खोलीत फोन न्यायची बंदी होती. सगळं कळवायचं ते भिंतीवरच्या पडद्यावरून, मेलने. त्यातली एखादी तातडीची वाटली, की दक्ष आईबापांच्या मनगटावर घंटी वाजवायचा. मागच्या थंडीत अशीच घंटी वाजली होती आणि आकडी यायच्या आत शलाका गोजीपाशी पोचली होती. तेव्हापासून ती दक्षला मनातल्या मनात शिव्या घालायची, पण अर्ध्याच.

“एक्क्याऐंशी!” कँटीनमध्ये परेश आव्हाड म्हणाला. तो तिच्याच विभागात, शेजारच्या टेबलावर. “मला बेचाळीसच्या वर कधी मिळाले नाहीत. दहावीला पण तेवढेच होते.”

“थट्टा करू नकोस. मी आता रोहिणीताईंना काय लिहू? ‘बाळ किंचित विश्रांती घेईल, घाबरू नये’?”

“तू लिही तुला हवं ते. आपण सगळ्यांचेच एक्क्याऐंशी करू. वर्गात सगळेच नापास झाले तर मास्तरची चौकशी होते.”

कल्पना परेशची, पण माल शलाकाच्या घरचा. आदल्याच रविवारी मावसनणंदेचं डोहाळजेवण झालं होतं, आणि तिथे सासूबाईंनी एकामागून एक असे काही उखाणे घेतले होते की तिकडच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. शलाकाला ते आठवलं, आणि हातातला समोसा तसाच राहिला.

दक्ष नुसते शब्द शोधत नाही, हे तिला तिच्या कामामुळे माहीत होतं. तो प्रत्येक वाक्याला नकाशावर एक घर देतो. ‘पोळी करपली’ आणि ‘दूध उतू गेलं’ ही वाक्यं एका आळीत राहतात. ‘राजीनामा तोंडावर फेकतो’ हे दुसऱ्या गावात. तुमची मेल रोज कुठल्या आळ्यांतून फिरते हे त्याला पाठ असतं. एखाद्या दिवशी ती अनोळखी गल्लीत शिरली, की गुण चढले. आणि या सगळ्याच्या मुळाशी त्याची एक श्रद्धा असते, की शेजारी शेजारी लिहिलेल्या गोष्टींचा एकमेकींशी काहीतरी संबंध असतो.

उखाण्यात नेमकं तेच नसतं. पहिल्या ओळीतल्या चांदीच्या ताटाचा दुसऱ्या ओळीतल्या नवऱ्याशी काडीचा संबंध नसतो. यमक जुळलं की झालं, ऐकणाऱ्या बायका खूश. दक्षला यमकाचं सुख नाही. तो संबंध शोधत बसणार, आणि सापडला नाही की ठरवणार, ही सांकेतिक भाषा. सांकेतिक भाषेला गुण सगळ्यांत जास्त.

चार दिवसांत परेशने छोटीशी प्रणाली लिहिली. शलाकाने तिला सासूबाईंचे उखाणे शिकवले आणि मसाला म्हणून धोक्याचे शब्द पुरवले. नाव ठेवलं ‘उखाणेवाली’. एकदा ती संगणकात बसवली, की पाठवणाऱ्याने काही न करता प्रत्येक मेलच्या शेवटी एक उखाणा आपोआप चिकटायचा. आवडला नाही तर बदलायला एक बटण. पहिला उखाणा परेशच्या रजेच्या अर्जाखाली उमटला:

*चांदीच्या वाटीत सुरुंगाचं श्रीखंड,*
*दक्षरावांचं नाव घेते, संध्याकाळी बंड.*

“अविवाहित माणसाच्या नशिबी उखाणा आला,” परेश म्हणाला. “आई खूश होईल.”

बनवणाऱ्याचं नाव कुठेच न टाकता त्यांनी ती सोडून दिली. आणि ती पसरली. आधी त्यांच्या मजल्यावर, मग शेजारच्या कंपनीत, मग शाळा-पाळणाघरांमधून. लोक मेल शेवटाकडून वाचायला लागले. लेखा विभागातल्या गंभीर माणसांच्या पत्राखाली *रुखवतात मांडली तोफेची चकली, दक्षरावांचं नाव घेते, खबर कशी हुकली* असं येऊ लागलं. कापडणीस मॅडमच्या दारासमोर बोलावलेल्यांची रांग लागली. पुढे खुर्च्या पुरेनात, तेव्हा त्यांनी बोलावणंच सोडलं. घरून काम बंद करायचं तर सगळ्या कंपनीचंच करावं लागलं असतं. तो विषय मागे पडला, आणि शलाका बऱ्याच दिवसांनी शांत झोपली. म्हणजे रात्रीतून एकदाच उठून गोजीच्या कपाळाला हात लावला.

दक्ष बनवणाऱ्यांनाही हात बांधून बसणं शक्य नव्हतं. पण त्यांनी सगळ्यांत सोपी वाट धरली. त्यांनी दक्षला उखाणा ओळखायला शिकवलं, आणि एक नियम घालून दिला. मेलच्या शेवटी उखाणा असेल तर ती थट्टा समजावी, शून्य गुण द्यावेत आणि पुढे जावं.

ही बातमी परेशने नाचतच आणली. “म्हणजे आता आपल्याला कोणी वाचतच नाही. झाकली मूठ!”

शलाकालाही हसू आलं. त्या दिवशी तिने सुजयला कामाच्या पत्त्यावरून लांबलचक मेल लिहिली. दमल्याचं, रडल्याचं, सगळं. खाली उखाणा होताच. कोणी बोलावलं नाही.

शून्य गुण म्हणजे घंटीही नाही, हे त्या दिवशी तिच्या डोक्यात आलं नाही. एरवी ज्या बाईला दुधाच्या पिशवीवरची तारीख दोनदा वाचल्याशिवाय चैन पडत नाही, तिच्या डोक्यात आलं नाही. हे पुढे तिला कित्येक दिवस डाचत राहिलं.

शुक्रवारची दुपार होती. मीटिंग लांबली. पूर्वी शलाका टेबलाखाली हात धरून दर थोड्या वेळाने पाळणाघराच्या मेल बघायची. हल्ली तिने ते ठरवून कमी केलं होतं. सुजय म्हणायचा, “घंटी आहे ना, मग सारखं काय बघतेस?” तिलाही ते पटायला लागलं होतं. बाहेर आल्यावर तिने सहज मेल उघडली.

‘गोजीचं अंग गरम लागतंय. ताप मोजला, वाढतोय. तुम्ही सांगितलेलं औषध देऊ का? लगेच कळवा. रोहिणी.’ आणि खाली:

*केळीच्या पानावर वाढला साखरभात,*
*दक्षरावांचं नाव घेते, पाळणाघराच्या दारात.*

त्यानंतर आणखी एक मेल. मग आणखी एक. तिन्हींखाली उखाणे.

पाळणाघर दोन चौक पलीकडे होतं. ती तिथे कशी पोचली ते तिला आठवत नव्हतं. एका पायातली चप्पल वाटेत राहिल्याचं नंतर कळलं.

गोजी कुशीवर झोपलेली होती. केस ओले, ओठ सुकलेले. छाती वर-खाली होत होती. शलाका ती बघत उभीच राहिली. शेजारी समोरच्या दवाखान्यातले डॉक्टर बॅग बंद करत होते.

“येऊन गेली आकडी,” ते म्हणाले. “बाईंनी सगळं बरोबर केलं. कुशीवर ठेवलं, तोंडात काही घातलं नाही. ताप उतरतोय. पण औषध आधी मिळालं असतं तर बरं झालं असतं.”

“तुमच्या होकाराशिवाय औषध द्यायचं नाही असा नियम आहे हो,” रोहिणीताई म्हणाल्या. “तीन मेल टाकल्या मी. मुलांना सोडून बाहेर फोनपाशी जाता येईना, मदतनीस रजेवर. तुम्ही कधी एवढा वेळ लावत नाही. शेवटी खिडकीतून डॉक्टरांना हाक मारली.”

“घंटी वाजली नाही, ताई.”

“का नाही वाजली?”

शलाकाला उत्तर माहीत होतं. तिने गोजीच्या कपाळाला हात लावला.

“मी तर उखाणासुद्धा बघून टाकला हो,” रोहिणीताई सांगतच होत्या. “पहिल्यांदा बॉम्बचा आला. म्हटलं, पोर तापलेलं आणि हे काय अभद्र. मग बटण दाबून दोनदा बदलला. साखरभाताचा आला तेव्हा पाठवला. चांगला होता ना?”

“चांगला होता,” शलाका म्हणाली, आणि खाली बसून गोजीची पावलं हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी दुपारी परेश घरी आला. गोजी बिछान्यावर बसून बिस्किटाचा चुरा करत होती, आदल्या दिवशी जणू काही झालंच नव्हतं. सासूबाई, विजयाबाई, खुर्चीत पाय पसरून शेंगा सोलत होत्या. सुजय गोजीची औषधं आणायला बाहेर गेला होता.

“रोहिणीताईंच्या पडद्यावरून काढून टाक,” परेश म्हणाला. “संपला प्रश्न.”

“काल तिथून निघायच्या आधीच काढली. बाकीच्या पाळणाघरांचं काय? वृद्धाश्रमांचं? परवा एका कारखान्यातून यंत्रात हात सापडल्याची मेल गेली असेल, तिच्याखाली आपली चकली असेल. मला ते कोणी सांगायला येणार आहे का?”

“मग नवी आवृत्ती काढू. ताप, अपघात, दवाखाना असं काही आलं, की उखाणा लावायचा नाही. दोन दिवसांचं काम.”

“आणि असं काही आलंय हे उखाणेवालीला कळणार कसं?”

परेशने बिस्किटाचा एक तुकडा उचलला आणि परत ठेवला.

“मेल वाचूनच ना?” शलाका म्हणाली. “सगळ्यांची, पहिल्या अक्षरापासून. म्हणजे आपणही दक्षच झालो. फक्त यमक जुळणारे.”

शेंगा सोलायच्या थांबल्या. विजयाबाईंची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली होती, ट्रंक कॉल जोडून देण्यात. “आम्हाला सगळं ऐकू यायचं बरं का,” त्या म्हणाल्या. “कोणाचं लग्न मोडलं, कोण कोणावर रुसलं. पण आम्ही मधूनमधून लाइनवर यायचो. ‘तीन मिनिटं झाली, वाढवू का?’ लोकांना कळायचं, बाई बसलीय. मग ते जपून बोलायचे, नाहीतर बिनधास्त बोलायचे. ज्याची त्याची मर्जी.”

“काकू, आता तीन मिनिटं कुठे राहिलीत?” परेश म्हणाला.

“अरे, मिनिटांचं नाही बोलत मी. तुमची ही बया न विचारता दर वेळी नाव घेते, तेच मला पहिल्यापासून खटकलं होतं. सूनबाई पहिल्यांदा घरात आली तेव्हा सुजयच्या बहिणीने दार अडवलं होतं. नाव घे, मग आत ये. आधी आग्रह, मग उखाणा. न विचारता कोणी नाव घेतं का? मिरवणं वाटतं ते.”

शलाका सासूबाईंकडे बघत राहिली. मग तिने लॅपटॉप उघडला.

नवी आवृत्ती करायला दोन दिवस लागलेच नाहीत, कारण तिच्यात काही घालायचं नव्हतं, काढायचंच होतं. आता उखाणेवाली मेल वाचणार नव्हती आणि आपण होऊन काही चिकटवणारही नव्हती. मेल पाठवताना दार अडवून एवढंच विचारणार होती: ‘घाईचं आहे? की नाव घेऊ?’ घाईचं म्हटलं, तर मेल बिनउखाण्याची जाईल, वर मोठ्या अक्षरात ‘घाईचं’ लिहून. दक्ष ती उचलेल आणि घंटी वाजवेल. नाव घे म्हटलं, तर उखाणा. आणि काहीच न म्हणता पुढे गेलं, तर नुसतीच मेल.

“नुसती मेल म्हणजे दक्ष वाचणार,” परेश म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. “लोक आळशी असतात, शलाका. बटण दाबायला विसरतील. महिन्याभरात निम्मे परत त्याच्या तावडीत. एवढी मजा केली, ती पाण्यात.”

“विसरतील ते वाचले जातील. मला आवडतंय असं नाही. पण दुसऱ्याच्या पोराचा ताप झाकून मला माझी दमणूक लपवायची नाहीये.”

“आणि पाठवणार कशी? बिननावाची आवृत्ती आता कुठलाच संगणक घेत नाही. आपल्यामुळेच झालाय तो नियम.”

“नाव घालून.”

“कोणाचं?” परेशने विचारलं, आणि मग तो जरा खाली बघत म्हणाला, “माझी आई... म्हणजे मी नाही म्हणत नाहीये. पण तिच्या औषधपाण्याचं या नोकरीवर चाललंय.”

“तुझं नाही. एकच नाव पुरतं.” तिने गोजीच्या हातातला चुरा झटकला. “तू चहा घे.”

त्याने चहा घेतला. शलाकाने लोकांसाठी पत्र लिहायला घेतलं. उखाण्यामुळे घंटी वाजत नाही, एका मुलीच्या बाबतीत असं झालं, कृपा करून ही नवी आवृत्ती घ्या. साधं, सरळ. लिहून झाल्यावर उखाणेवालीने तिलाही अडवलं: ‘घाईचं आहे? की नाव घेऊ?’

शलाकाने आजवर कितीतरी वेळा नाव घेतलं होतं. लग्नात, मंगळागौरीला, बारशाला. दर वेळी सुजयचं. उखाण्यात बाई स्वतःचं नाव घेत नाही, तशी रीत नाही. तिने ‘नाव घेऊ’ दाबलं, आलेला उखाणा पुसला आणि स्वतःच्या हाताने लिहिलं:

*देवापुढच्या समईला तेलाची धार,*
*शलाका खैरनारचं नाव घेते, मीच सूत्रधार.*

विजयाबाईंनी चष्मा लावून वाचलं. “मात्रा जरा ओढल्यात,” त्या म्हणाल्या. “पण चालेल. पाठव.”

सोमवारी कापडणीस मॅडमनी बोलावलं. स्क्रीनवर तेच पत्र होतं, आणि कोपऱ्यात दक्षचा शेरा: शून्य.

“दक्षच्या मते ही थट्टा आहे,” मॅडम म्हणाल्या. “शेवटी उखाणा आहे ना.”

“थट्टा नाहीये ती.”

“ठाऊक आहे. मला वाचता येतं.” त्यांनी हात एकमेकांत गुंतवले. “नाव घातलं नसतंत तर तुम्ही कोणाला सापडला नसतात.”

“नाव घातलं नसतं तर ती कोणाच्या संगणकात गेली नसती.”

“किती जणांनी घेतली?”

“बऱ्याच जणांनी. पाळणाघरांनी आधी घेतली.”

मॅडम नेहमीच्याच आवाजात म्हणाल्या, “चौकशी होईल. ती मला टाळता येणार नाही. आणि आजपासून घरून काम बंद. पाचही दिवस इथे यावं लागेल.”

शलाकाने मान डोलावली. शनिवारपासून तिने हे वाक्य इतक्या वेळा मनात ऐकलं होतं, की आता ते जुनं वाटलं. पाच दिवस पाळणाघर. पाच दिवस दोन चौक अंतर. तिने मनातल्या मनात चपलेऐवजी पट्टे बांधायचे बूट घ्यायचं ठरवलं.

तेवढ्यात तिच्या मनगटावर घंटी वाजली.

तिचा चेहरा पांढराफटक पडला असावा, कारण मॅडम अर्ध्या उठल्याच. “बघा, बघा आधी.”

शलाकाने मेल उघडली. वर मोठ्या अक्षरात ‘घाईचं’. खाली रोहिणीताईंची दोन छोटी वाक्यं. उखाणा नव्हता. तिने ती पुन्हा एकदा वाचली.

“काय म्हणतायत?” मॅडमनी विचारलं.

“गोजी वरणभात जेवली. आता झोपली.”

मॅडम हळूच खुर्चीत टेकल्या. स्क्रीनवर दक्षनेही ती मेल टिपली होती. जेवण, झोप आणि तातडी या तिन्हींचा एकमेकांशी संबंध काय, हे त्याला काही केल्या उमगत नव्हतं. गुणांचा आकडा चढत चालला होता.

“ही घाईची बातमी झाली का?” मॅडम म्हणाल्या.

“हो,” शलाका म्हणाली.

कापडणीस मॅडमनी चढत्या आकड्याकडे एकदा पाहिलं, आणि हात पुढे करून स्क्रीन बंद केला.